सिनेमातलं दही

लग्नानंतर तमिळनाडूत, सेलमला निघाले त्या सकाळी आईनं मला उंबऱ्याच्या आतच थांबवलं. बाहेर जीप चालू होती, मिरजेला रेल्वे गाठायची होती आणि नवरा सारखा घड्याळाकडं बघत होता. आईला कसली घाई नव्हती. "हात फुडं कर," म्हणाली आणि तळहातावर दही घातलं. "चाट. आन् रडू नगंस. दही घातलेलं माणूस माघारी येतंच." मी दही चाटलं आणि रडलेसुद्धा. हाताचा आंबूस वास मिरजेपर्यंत सोबत होता.

आमचा भाग म्हसवडच्या बाजूचा. तिथं पाऊस वाट चुकला तरच येतो. त्यामुळं घरटी एखादा तरी गलाईला बाहेर पडलेला. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत आटवून शुद्ध करायचं काम. माझ्यासारखे जे इकडं दुकानं टाकून बसलेत, त्यांना हे सांगायला नको. आणि गावाकडच्यांनो, तुम्ही आम्हाला ओळखता ते जत्रेपुरते. अंगावर दागिने घालून येतो, दोन वाक्यं मराठी बोलतो आणि तिसऱ्यात तमिळ घुसडतो. हसता तुम्ही, माहीत आहे मला. पहिल्या वर्षी भाजीवालीला 'वेंडाम', म्हणजे नको, एवढं म्हणताना माझी जीभ अडखळायची. आता भांडण जुंपलं की आधी तमिळच तोंडात येतं. माझी लेक रेवती तर इथलीच. भाकरी सांबारात बुडवून खाते. मी तिकडं बघत नाही.

दोनेक वर्षांमागं काही तमिळ सिनेमावाले आमच्या माळावर शूटिंगला आले. जिथून आम्ही पोटासाठी तमिळनाडूत आलो, तिथं तमिळ माणसं शूटिंगला उजेड चांगला म्हणून गेली! त्यांना आमच्या घराचं दारही आवडलं. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, भाऊ फौजेत, घरात आई एकटीच. तिला माणसांची कोण हौस. संध्याकाळी तिचा फोन आला.

"लय देखणं पोरगं गं. सारखं पिशवी घिऊन दारातनं भाईर पडतंय, परत आत येतंय, परत भाईर. आन् एवढ्या लांब निघालंय तर कुणी हातावर दही घालंना! मला न्हाई बघवलं. घेतली वाटी आन् गेले मधी."

"अगं आई! मग?"

"वरडला त्यांचा मुकादम. मग हसाय लागला. खुणंनं म्हनला, अजून एकदा घाला. मी म्हनलं, आरं बाबा, दही संपलं. मग शेजारनं आणलं." मग हळूच म्हणाली, "येईन न्हवं गं मी सिनेमात?"

तिथून पुढं प्रत्येक फोनला पहिला प्रश्न ठरलेला. "आला का गं माझा सिनेमा?" मी म्हणायची, येईल, आला की तुला इकडं आणते, मोठ्या पडद्यावर दाखवते. सिनेमा काही आला नाही. आई श्रावणात गेली. घराला कुलूप लागलं. आणि सिनेमा पोंगलला लागला.

दुपारच्या खेळाला रेवतीला घेऊन गेले. तिला सांगितलं होतं, आज्जी असेल त्यात. माझं मन मात्र धास्तावलेलं. शूट केलेलं सगळं थोडंच ठेवतात? कापून टाकली असेल तर आता तिला बघायला दुसरं काहीच नव्हतं. तिचे फोटो आहेत, पण सगळ्यात ती शिक्षा झाल्यासारखी ताठ उभी.

सिनेमा दिसायला असा देखणा की बघत राहावं. आमचा तो उजाड माळ, जिथं उन्हात डोळे चुरचुरायचे, तो पडद्यावर हळदीनं माखल्यासारखा दिसत होता. हिरोइनचा पदर ज्या वाऱ्यावर उडत होता, तो वारा आमचा. गोष्ट मात्र शून्य. त्याचं तिच्यावर प्रेम, तिचं त्याच्यावर, आणि तरी तो गाव सोडून निघतो. का, ते कुणी सांगत नाही. "सुम्मा, नुसत्या फ्रेम्स आहेत गं अम्मा, स्टोरीच नाही," रेवती कुजबुजली. आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल माणूस का निघतो ते. यांना विचारायचं सुचलं नाही.

मग आमचं दार आलं. पिशवी घेऊन तो उंबऱ्याशी आला आणि आतल्या अंधारातून एक हात पुढं झाला. चेहरा नाही, पदर नाही, फक्त हात. मनगटावर गोंदलेली तुळस, विळ्यानं वाकडी झालेली करंगळी आणि बोटांवर पांढरं दही. कॅमेरा हिरोच्या जागी उभा होता, म्हणून हात थेट आमच्याकडंच आला, पडदाभर. मागं कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं, आता हे दही कशाला मधेच? लोक हसले. मी अंधारात हात पुढं केला. खरंच केला. रेवतीनं तो बघितला आणि आपल्या हातात घेतला.

शेवटी हिरो परत आला. त्यालाही काही कारण नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "आता हा परत का आला?" रेवती म्हणाली. मी म्हटलं, "हातावर दही घातलं होतं ना त्याच्या." ती हसणार होती, पण माझ्याकडं बघून थांबली.

गावाकडच्यांनो, दही माझ्याही हातावर पडलंय, तेव्हा मीही येणारच. कुलूप काढीन, झाडलोट करीन, जत्रेपुरती राहीन. येण्याचं काही अवघड वाटत नाही. पण घर म्हणजे काय, ते मला निघतानाच कळत आलंय. ज्या दारात निघताना कुणी थांबवतं, ते घर. म्हणून एवढंच मागते. मी परत निघेन त्या सकाळी तुमच्यापैकी कुणीतरी आमच्या दारात या. वाटीत थोडं दही घेऊन या.