चार कॉलेजं वाढली आणि टॉमची बस थांबली

हातात पेपर प्लेट आली की माणूस बोलायला लागतो, हे मी इथल्या पार्किंग लॉटमध्ये शिकले. माझी नात रिया कॉलेजच्या टीममधून हॉकी खेळते. मॅचच्या आधी मुलींचे आईबाप गाड्यांच्या डिक्क्या उघडून खायला मांडतात. त्यात माझी थालीपिठं असतात, घरून भाजून फडक्यात गुंडाळून आणलेली. भाजणी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून येते, चार तासांचा रस्ता. मी वाढते आणि ऐकते. माझं इंग्रजी भाजी आणण्यापुरतं, बाकीचं रिया कानात सांगते. तीन वर्षांत इतकं साठलंय की आता कुणाला तरी सांगून टाकलेलं बरं.

गेली दोन वर्षं तर सगळे किस्से एकाच गोष्टीचे. कॉन्फरन्स वाढली.

इथे कॉन्फरन्स म्हणजे भाषणं नव्हेत. दहा-बारा कॉलेजांचा गट, सगळे खेळ बहुतेक आपसांतच खेळायचे. आमच्या गटाने पार पश्चिम किनाऱ्यावरची चार कॉलेजं आत घेतली. मोठ्या गटाच्या फुटबॉलला टीव्हीवाले जास्त पैसे देणार होते. माझा मुलगा सुधीर म्हणाला, "आई, सगळ्यांचंच भलं होणार."

मी म्हटलं, "वऱ्हाड वाढलं की आहेर वाढतो खरा. पण तेच वऱ्हाड जेवायलाही बसतं ना?"

*

पहिला फटका टॉमला बसला. टॉम आमचा शेजारी, बायको गेल्यापासून एकटा. वीस वर्षं टीमची बस चालवली त्याने. कुठल्या मुलीला गाडी लागते, कुणाला खिडकी हवी, कोण हरल्यावर रडते, सगळं पाठ. आता मॅचला जायचं म्हणजे पाच तासांचं विमान. टॉमचं काम फक्त एअरपोर्टपर्यंत.

तोही मला रियासारखं आजीच म्हणतो. म्हणाला, "आजी, पूर्वी उतरेपर्यंत मला त्यांच्या घरचं सगळं कळायचं. आता त्यांचे सीटबेल्ट लावून होतात आणि एअरपोर्ट येतो."

*

चाळीस मैलांवर दुसरं कॉलेज आहे. आमची आणि त्यांची जुनी खुन्नस. एका दुकानात समोरासमोर आल्या तरी मुली एकमेकींकडे बघायच्या नाहीत. पण ते कॉलेज दुसऱ्या गटात गेलं, आणि आमच्या वेळापत्रकात त्यांच्यासाठी तारीखच उरली नाही. शेजारची सोयरीक मोडली आणि डोंगरांपलीकडची केली, तसं झालं.

मागच्या वर्षी आमच्या मुली पश्चिमेला निघाल्या होत्या. एअरपोर्टवर बघतात तर शेजारच्या गेटवर चाळीस मैलवाल्या, त्या पूर्वेला निघालेल्या. वादळामुळे दोन्ही विमानं थांबली. तीन तास झाले. मग कुणीतरी बॅगेतून बॉल काढला आणि दोन्ही टीम्स रिकाम्या गेटपाशी खेळल्या.

मी विचारलं, "कोण जिंकलं?"

रिया म्हणाली, "सिक्युरिटीवाला. बॉल घेऊन गेला."

त्या वर्षीची आमची-त्यांची मॅच तेवढीच.

*

आमचं घर फुटबॉलच्या स्टेडियमपासून चार गल्ल्यांवर आहे. शनिवारी मॅच असली की गल्लीतले सगळे आपापल्या अंगणात गाड्या लावू देतात आणि पैसे घेतात. आमचे पैसे रियाच्या स्टिक आणि बुटांना जातात. पश्चिमेचं नावाजलेलं कॉलेज पहिल्यांदाच येणार म्हटल्यावर सुधीरने पुठ्ठ्यावर दुप्पट दर लिहिला. मी सकाळपासून शाल घेऊन खुर्चीत बसले.

चाळीस मैलवाल्यांशी मॅच असली की दहालाच अंगण भरायचं. त्या दिवशी बारा वाजले तरी दोनच गाड्या. सुधीर सारखा रस्त्यापर्यंत जाऊन येत होता.

शेवटी माझी सून वैशाली खिडकीतून म्हणाली, "अरे, ते लोक विमानाने आलेत. आता विमान लावायला देतोस का अंगणात?"

*

टीव्हीचे पैसे आले तशी क्रीडा ऑफिसात माणसं वाढली. त्यातली एक मुलगी फक्त नियम बघते. एकदा पार्किंग लॉटमध्ये कागद घेऊन आली. मुलींना कुणी काय खाऊ घातलं, ते सगळं त्यावर लिहायचं. कुणी दिलं, कुणी खाल्लं, काय खाल्लं आणि शेवटच्या रकान्यात किंमत.

तिने विचारलं, "याची किंमत किती?"

मी रियाला म्हटलं, "तिला सांग, मी कधी विकलं नाही."

"आजी, ती म्हणते, रकाना रिकामा चालत नाही."

त्या मुलीने शेवटी 'पॅनकेक, तीन डॉलर' लिहिलं. थंडी होती म्हणून मी तिलाही एक दिलं, लोणी घालून. खाऊन झाल्यावर कागद तिच्याचपुढे सरकवला. बिचारीने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहिलं. तेव्हापासून तो कागद डब्याशेजारीच असतो आणि जो खाईल तो लिहितो.

*

यंदा ऑक्टोबरात क्रीडा विभागाच्या मोठ्या साहेबांनी पालकांची मीटिंग घेतली. पडद्यावर चित्रं दाखवली. टीव्हीचे पैसे वर चाललेले, आणि विमानं, हॉटेलं, फुटबॉलच्या कोचचा पगार त्याहून वर. शेवटी म्हणाले, हॉकीची टीम बहुधा या वर्षाअखेर बंद करावी लागेल, सोमवारी ठरेल.

रियाचं अजून एक वर्ष उरलंय. मी तिला म्हटलं, "साहेबांना विचार, गट वाढवला फुटबॉलसाठी, मग विमानात हॉकीला का बसवलं? ती बसनेच बरी होती."

तिने विचारलं. साहेब म्हणाले, "गुड क्वेश्चन."

इथे उत्तर नसलं की असं म्हणतात.

रियाने घरी येऊन स्टिक गॅरेजमध्ये उभी केली. जेवली नाही.

*

मग मुलींनीच चाळीस मैलवाल्यांना फोन लावला. रविवारी या म्हणाल्या त्या. पॉइंट नाहीत, टीव्ही नाही, नुसतं खेळायचं. टॉमने त्याच्या चर्चची जुनी बस मागून आणली आणि मला पुढच्या सीटवर बसवलं. पूर्ण रस्ताभर मुली गात होत्या. टॉम आरशातून बघत होता.

मैदानावर पोचलो तर कुंपणाशी मोठे साहेब, एकटेच, खिशात हात घालून उभे. मुलींनी त्यांनाही कळवलं होतं म्हणे. मॅच बरोबरीत सुटली. दोन्हीकडच्या मुली माझ्या डब्याभोवती जमल्या. साहेब लांबच होते. पाहुणा उपाशी कसा ठेवायचा? मी हाक मारली. त्यांनी दोन थालीपिठं खाल्ली, बोटांना लागलेलं लोणीसुद्धा.

मग टॉमला विचारलं, "या ट्रिपला खर्च किती आला?"

"पेट्रोल," टॉम म्हणाला. "अर्धी टाकी."

मी नियमाप्रमाणे कागद पुढे केला. त्यांनी नाव लिहिलं, 'दोन पॅनकेक' लिहिलं, आणि किमतीच्या रकान्यापाशी आल्यावर मैदानाकडे बघितलं. मग काहीतरी लिहिलं, मला हात जोडले आणि गाडीकडे निघून गेले.

मी रियाला म्हटलं, "वाच, किती लावली किंमत?"

तिने कागद घेतला. आकडा नव्हता. रकान्यात दोनच शब्द होते, "वन सीझन."

टॉमने तिच्या हातून कागद घेतला, दोनदा वाचला, परत डब्याशेजारी ठेवला आणि मला म्हणाला, "आजी, पुढच्या वर्षी बस किती वाजता काढू?"