भिंतीकडे तोंड

मोहरी तडतडली की मला अजून आईची पाठ आठवते. आमचा ओटा भिंतीला लागून होता. बाहेरच्या खोलीत बाबा शेजाऱ्यांच्या नकला करत, आम्ही भावंडे हसून लोळत असू, आणि आतून आईचा आवाज येई, "काय झालं गं?" तव्यावरची पोळी उतरवून, पदराला हात पुसत ती दारात येईपर्यंत हसू ओसरलेले असे.

"संपला खेळ! लवकर यायचं होतंस," बाबा म्हणत. तीही हसे आणि पुन्हा आत वळे.

आज माझ्या स्वयंपाकघराचा नवा आराखडा समोर पसरला आहे. मधली भिंत जाईल, शेगडी मधोमध नव्या ओट्यावर येईल. फोडणी देणारीचे तोंड माणसांकडे असेल. इतके साधे वळण, पण ते सुचेपर्यंत आईचे रांधणे सरले, बाबाही गेले.

आईला आता फारसे ऐकू येत नाही. तिचे बोट धरून मी त्या रेषांवरून फिरवते. "आई, इथं उभं राहिलं ना, की सगळे समोर दिसतात बघ."

कानामागे तळवा धरून, तेच जुने कुतूहल डोळ्यांत घेऊन ती विचारते, "काय?"