कोऱ्या पानावरची सही

माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या ताईचे यजमान, एका धर्मादाय ट्रस्टमध्ये छाननीच्या टेबलावर बसतात. हा ट्रस्ट संशोधन करणाऱ्यांना पैसे देतो. निदान दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे. पाटी आणि पैसे यांच्यामध्ये भाऊजींचं टेबल आहे, आणि तेवीस वर्षांत ते टेबल ओलांडून फारसं कोणी पुढे गेलं नाही, याला बिचारी पाटी काय करणार!

माणूस वाईट नाही हो. लाच घेत नाहीत, उशिरा जात नाहीत, ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी आणत नाहीत. त्रुटी काढणं हा त्यांचा एकुलता एक छंद. फोटो डिंकाने चिकटवलाय की पिनेने टोचलाय, टॅग डाव्या कोपऱ्यात आहे की उजव्या, पानांचे आकडे वर आहेत की खाली. संशोधन कशावर आहे ते मात्र वाचत नाहीत. 'तो आमचा विषय नाही,' म्हणतात. ऑफिसात त्यांना त्रुटीसाहेब म्हणतात, आणि हा आपला मान आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. माझं मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. 'मोटार बिघडलेली आहे, सबब परत' असं मी गिऱ्हाइकांना सांगायला लागलो तर आठवड्यात शटर ओढावं लागेल. पण नात्याने मी पडलो मेहुणा, माझं ऐकतो कोण?

ताई शाळेत गणित शिकवते. तिच्याकडे कपाटभर चुकीची उत्तरं आहेत. बाकीच्या बाई लाल फुली मारून मोकळ्या होतात. ही ते पान मुलाकडून मागून घेते आणि घरी आणून तारीख घालून ठेवते. बावन्नातून सदतीस गेले, उरले पंचवीस, असं लिहिणारी नुसती शंभरेक पोरं तिच्या संग्रहात असतील. तिचं म्हणणं असं की पोर उगाच चुकत नाही, त्याच्या डोक्यात त्याची स्वतःची काहीतरी रीत असते. ती रीत सापडली की शिकवणं सोपं. त्यासाठी तिला वर्षभर पाचसहा शाळांतून फिरायचं होतं आणि एकेका मुलाशेजारी बसून विचारायचं होतं, 'बाळा, हे कसं केलंस?'

मुख्याध्यापिकांनी सांगितलं, ट्रस्टचं मंजुरीपत्र आणा, वर्षाची रजा देते. पत्र नाही तर रजा नाही. त्यात ताईची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, आणि ट्रस्टला संशोधन संपल्यावर किमान एक वर्षाची नोकरी शिल्लक असलेला माणूस हवा. थोडक्यात, यंदा नाही तर कधीच नाही.

"तुला कसली काळजी?" मी तिला म्हटलं. "साक्षात त्रुटीसाहेब घरात आहेत."

"ऑफिसचं ऑफिसात," भाऊजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

नवऱ्यानेच बायकोचा अर्ज तपासायचा का, असा प्रश्न ट्रस्टमध्ये कोणाला पडला नाही. भाऊजी निःपक्षपाती आहेत याची सगळ्यांना खात्री होती. ती त्यांनी खरी करून दाखवली.

तीन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून ताईने अर्ज भरला. शेवटच्या संध्याकाळी तिचा मिक्सर दुरुस्त करायला मी तिथेच होतो. एकेक पान उलटत ती सही करत होती. समोर भाऊजी चहा पीत होते. शेवटचं पान कोरं होतं, ते तिने तसंच ठेवलं आणि टॅग बांधला. भाऊजींची नजर त्या पानावर क्षणभर थांबली आणि कपात गेली. बायकोचं कौतुक वाटतंय म्हणून डोळे भरून आले असतील, असं मला गाढवाला वाटलं.

ट्रस्ट हाताने दिलेला अर्ज घेत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी नवराबायको एकत्रच घराबाहेर पडली. ती पोस्टात गेली रजिस्टर करायला, आणि हे गेले तो अर्ज जिथे पोचायचा होता तिथे. सोबत घेऊन गेले असते तर ट्रस्टचा पाया खचला असता.

पुढच्या शनिवारी पोस्टमन आला. ताई आत होती, म्हणून भाऊजींनीच सही करून पाकीट घेतलं. स्वतः लिहिलेलं पत्र स्वतःच सही करून घेणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी ते टेबलावर पालथं ठेवलं.

"तुझं पत्र आलंय."

"कोणाचं?"

"बघ."

ताईने उघडून मोठ्याने वाचलं. 'महोदया, आपल्या अर्जाच्या अखेरच्या कोऱ्या पानावर आपली सही आढळून येत नाही. सबब अर्ज परत करण्यात येत आहे. मुदत संपल्याने फेरविचार होणार नाही.' खाली भाऊजींची लफ्फेदार सही होती.

"अहो, तुम्ही समोर बसला होतात."

"हो."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं. पण तेव्हा मी ऑफिसात नव्हतो."

माझं डोकं सणकलं. मी तोंडाला येईल ते बोललो, ते इथे लिहीत नाही. ताईने हात करून मला गप्प बसवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आवाज मात्र वर्गातला होता.

"कोऱ्या पानावर सही कशाला लागते?"

"उद्या त्यावर कोणी मागाहून काही लिहिलं तर?"

"आणि सही केलेल्या कोऱ्या पानावर कोणी काही लिहिलं तर?"

भाऊजींनी पत्र उचलून आपलीच सही पुन्हा तपासली.

"हा नियम कुठे लिहिलाय?" ताईने विचारलं.

"पुस्तकात."

"कितवा?"

आता इतरांना नियमांचे आकडे सांगून सांगून ज्याने जेरीस आणलं, त्याला स्वतःला तो आकडा सांगता येईना. सोमवारी त्यांनी ऑफिसात नियमांचं पुस्तक चाळलं. मंगळवारी जुनी परिपत्रकं काढली. बुधवारी भर दुपारी घरी आले आणि बूट न काढता खुर्चीत बसले. शाळेला सुट्टी होती म्हणून ताई घरीच होती. तिने मला दुकानातून बोलावून घेतलं, कारण तिला वाटलं, छातीत कळ आली.

"नियमच नाहीये," ते म्हणाले. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हेडक्लार्क एका अर्जाबद्दल म्हणाले होते, या माणसाचा भरवसा नाही, कोऱ्या पानावरही सही घे. एका अर्जाबद्दल. ह्यांनी ते सगळ्या मानवजातीला लावलं आणि तेवीस वर्षं चालवलं.

एक कबूल करतो. दुसरा कोणी असता तर ते पुस्तक मिटून गप्प बसला असता. भाऊजी मात्र विश्वस्तांच्या बैठकीत उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. माझ्या चुकीने किती अर्ज परत गेले ते सांगता येत नाही, म्हणाले, निदान शेवटचा तरी पुन्हा विचारात घ्या. विश्वस्त थक्क झाले. अध्यक्ष म्हणाले, "अरेच्चा! आम्हाला वाटायचं, हल्ली संशोधन करणारेच कमी झालेत."

मग बैठकीत सखोल चर्चा झाली. तेवीस वर्षांची प्रथा चुकीची ठरवली तर परत गेलेले सगळे लोक दाराशी येऊन उभे राहतील, हे एका वकील विश्वस्तांनी लक्षात आणून दिलं. तेव्हा कोऱ्या पानावर सही हवीच, असा नियम एकमताने पुस्तकात घालण्यात आला. भाऊजींच्या सचोटीबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला. आणि ताईचा अर्ज नव्या नियमानुसार रीतसर परत आला. याला म्हणतात कामकाज.

ठरावाची प्रत भाऊजींनी घरात कोणाला दाखवली नाही. त्यांनी महिन्याची रजा टाकली. आजवर कधी न घेतलेली रजा साठून कुजत होतीच. ताई शाळेत जाऊ लागली, नेहमीसारखी, मधल्या सुट्टीत दोनचार पोरांना विचारता येईल तेवढं विचारायला. आणि हे तिचं कपाट उघडून पानं लावत बसले. इयत्तेप्रमाणे, चुकीप्रमाणे, तारखेप्रमाणे. मनात म्हटलं, घ्या, आता पोरांच्या त्रुटी काढा.

महिना संपत आला तेव्हा एकदा मी संध्याकाळी गेलो. ताई नुकतीच शाळेतून आली होती. भाऊजींच्या हातात एक चुरगळलेलं पान होतं, आणि ते कोपरा किंवा तारीख नाही, चक्क त्यातलं गणित वाचत होते. त्यांनी मान वर केली.

"अगं, या मुलाने दहाही वजाबाक्या चुकवल्यात. पण दहाही एकाच पद्धतीने. याच्या डोक्यात नक्की काय चाललं असेल?"

ताईने पर्स खुंटीला अडकवली.

"तेच विचारायला मी एक वर्ष मागत होते," ती म्हणाली, आणि हातपाय धुवायला आत गेली.