कानबाई आठवीच्या वर्गात

आमच्या शाळेत सगळं आहे. स्मार्ट बोर्ड आहे, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून कायम चादर घातलेली असते. प्रयोगशाळा आहे, तिची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असते, कारण मुलं आत गेली तर वस्तू फुटतात. पाण्याचा कूलर आहे, त्यावर देणगीदाराचं नाव एवढं मोठं की नळ शोधावा लागतो. आणि मैदान आहे. परराज्यातल्या, गोडादऱ्याच्या सरकारी मराठी शाळेला मैदान म्हणजे चैनच म्हणायची. लग्नसराईत तिथे मांडव असतो आणि उरलेलं वर्ष मांडवाचे खड्डे. मुख्याध्यापक सर त्याला अहवालात ‘लोकसहभाग’ म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात आठवीचा वर्ग उचलून पांडेसऱ्याच्या शाळेत न्यायचं घाटत होतं. मुलंच येत नाहीत, असं वरच्यांचं म्हणणं. शिक्षण खात्याचे साहेब स्वतः येऊन बघणार होते. पोरांचं काय, सायकली हाणत जातील. पण माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी अडकली असती. तिची आई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. तिने सांगूनच टाकलं होतं, शाळा लांब गेली की पोरगी घरी, माझ्यासोबत खडे चिकटवायला. पोरगी रोज मला विचारायची, बाई, साहेब कधी येणार? मला तिच्याकडे बघवत नसे.

आणि आमच्या सरांनी साहेबांना दिवस कोणता द्यावा? कानबाईच्या विसर्जनाचा. सर विदर्भातले, राहतात तापीपलीकडे, त्यांना फक्त श्रावणी सोमवार दिसला. साहेबांचा उपवास असेल, नाश्त्याची कटकट वाचेल, असा त्यांचा हिशेब. अहो, आमच्याकडे बहुतेक सगळी मुलं खान्देशातली. त्या सोमवारी घराघरांतली कानबाई, म्हणजे नथ आणि डोळे लावून सजवलेला नारळ, डोक्यावर घेऊन सगळा मोहल्ला नाचत तापीवर जातो. शाळेत कोण येणार, कूलर? मी हे सांगितल्यावर सर म्हणाले, आता तारीख बदलणं बरं दिसणार नाही. संताप संताप झाला माझा.

म्हणून रविवारी संध्याकाळी मीच त्या मुलीच्या घरी गेले. गल्लीची कानबाई त्या वर्षी त्यांच्याकडे बसली होती. आत कणकेचे, पुरणाचे रोट चालले होते. वास नुसता गल्लीभर. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याला तुकडाही द्यायचा नाही. मी मराठवाड्यातली, इतकी वर्षं याच गल्लीत राहते, पण माझ्या वाट्याला दरवर्षी फक्त वास. मी मुलीच्या आईला म्हटलं, मिरवणूक उद्या शाळेवरून न्या, घटकाभर मैदानात थांबा, साहेबांना मुलं तरी दिसतील. तिने पिठाचे हात झटकले.

“बाई, देवीची वाट साहेबासाठी बदलत नसते.”

मी घरी येऊन नवऱ्यावर उगाचच डाफरले.

सोमवारी साहेब वेळेवर आले. वर्गात बाकं, फळा, मी, आणि मराठवाड्यातली चार डोकी. सरांनी स्मार्ट बोर्डवरची चादर काढली, तर बोर्ड चालू होईना. मग प्रयोगशाळेची किल्ली घरी राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. साहेब नुसते घड्याळ बघत होते. उपवासाचं तर सोडाच, त्यांनी येतानाच फाफडा खाल्ला होता.

तेवढ्यात डीजेचा दणका ऐकू आला. एरवी मिरवणूक चौकातून उजवीकडे, नदीच्या बाजूला वळते. आज आवाज वाढतच गेला. मी खिडकीत गेले, तर ती आई देवी डोक्यावर घेऊन थेट आमच्या फाटकातून आत येत होती, मागे अख्खी गल्ली, आणि पुढे तिची मुलगी मैत्रिणीसोबत फुगडी घालत. मांडवाच्या खड्ड्यांतून देवी सांभाळत ती खिडकीजवळच्या झाडाखाली आली. डीजे बंद झाला. तिने मुलांना नुसतं डोळ्यांनी खुणावून वर्गाकडे पिटाळलं.

जरीचे परकर, नवे शर्ट, गुलालाची तोंडं, बाकं भरून गेली. सर माझ्याकडे असे बघत होते, जणू हे सगळं त्यांनीच घडवून आणलं होतं. साहेबांनी पुस्तक उघडून त्या मुलीला वाचायला सांगितलं. ती धापा टाकत वाचत राहिली, आणि तिची आई खिडकीबाहेर देवी डोक्यावर घेऊन उभी होती. खाली ठेवा म्हटलं तरी ठेवेना. माझे डोळे भरून आले, मी फळा पुसायचं निमित्त केलं. जाताना साहेब सरांना म्हणाले, “आठवी इथेच राहू द्या. आणि ते खड्डे बुजवा.”

खड्डे अजून आहेत. सरांनी अहवालात लोकसहभागाची आणखी दोन पानं वाढवली.

मंगळवारी ती आई मधल्या सुट्टीत फाटकाशी आली. मी म्हटलं, देवीची वाट बदलत नसते ना? ती म्हणाली, वाट तिनेच बदलली, आपण काय करणार. मग पदराखालून स्टीलचा डबा काढून तिने माझ्या हातात दिला. उघडला, तर आत रोट. मी झाकण परत लावायला लागले. म्हटलं, मला कसा चालेल?

तिने झाकण काढून घेतलं. “खाई ल्या बाई. आते तुम्ही आमना भाऊबंद.”

मी तिथेच फाटकात उभी राहून खाल्ला. रोट संपेपर्यंत ती हलली नाही.