आबांनी खोललेला शेवटचा कॅलिपर

आबा पळत्या गाडीकडे कधी बघत नसत. सोमाटण्याला जुन्या हायवेलगत आमचं गॅरेज; म्हणजे त्यांचं, मी हाताखालचा पोऱ्या. समोरून कितीही भारी गाडी सुसाट जावो, त्यांची मान वर व्हायची नाही. गाडी थांबायला लागली की मात्र चहाचा कप बाजूला ठेवून बघत राहायचे. "पळती कोनतीबी," म्हणायचे, "थांबाया कसब लागतं."

ब्रेकशिवाय दुसऱ्या कामाला ते हात लावत नसत. जवळच्या ट्रॅकवर शर्यतीचे शौकीन गाड्या पळवायचे आणि भाजून निघालेले कॅलिपर आमच्याकडे यायचे. चाकाची डिस्क दोन्ही अंगांनी आवळणारा हा जबडा. रंग करपलेला, आतलं रबरी सील कडक झालेलं, पिस्टन अडकलेला. आबा हवेच्या दाबानं पिस्टन बाहेर काढत, खोबण साफ करत आणि नवं सील ब्रेक ऑइलमध्ये भिजवून नुसत्या बोटांनी बसवत. मी पेचकस पुढे केला की खेकसत, "ठेव तो. सील चिरंल."

त्यांचा एकुलता एक मुलगा संदीप एका शेठची गाडी त्या ट्रॅकवर चालवायचा. आबांनी त्याला कधी शाबासकी दिली नाही, पण त्याच्या गाडीचे कॅलिपर दुसऱ्या कोणाला शिवू दिले नाहीत.

त्या दिवशी ट्रॅकच्या कडेला आबा आणि मी, दोघंच होतो. संदीप गाडी घेऊन आमच्यापाशी आला. चाकांतून जळका वास येत होता.

"आबा, पेडल मऊ लागतंय."

"मग बास कर. निवू दे."

"एकच राउंड," म्हणून तो हसला आणि गेला. वळणावर गाडी थांबलीच नाही.

संदीपचे दिवस झाल्यावर शेठनं मोडलेली गाडी आमच्याकडे टाकली. आबांनी चारही कॅलिपर खोलले. मी शेजारी उभा होतो. सील शाबूत, पिस्टन मोकळे, गळती कुठं नाही. फक्त ऑइल उकळून काळं पडलेलं; इतकं तापलं की ब्रेक धरतच नाही. आबांनी हात पुसले. घरी जाऊन सुनेला, सुरेखाला, सांगितलं, "माझं सील फुटलं, पोरी. चूक माझी."

मी त्यांना बाहेर गाठलं. "खोटं का बोललात, आबा?"

"तो थांबला न्हाई, हे तिला कळलं, तर जन्मभर त्याच्यावर चिडंल. मेलेल्या मानसावर चिडून संसार कसा काढंल? माझ्यावर चिडू दे. मी हाय की."

सुरेखा लेकीला घेऊन कार्ल्याला माहेरी गेली. सासऱ्याचं तोंड तिनं पुन्हा पाहिलं नाही. आबांच्या चुकीची बातमी गावभर झाली, गाड्या यायच्या थांबल्या. आबा कुरवंड्याला बहिणीकडे जाऊन राहिले.

गेल्या वर्षी अंथरुणाला खिळले तेव्हा भेटायला गेलो. आवाज खोल गेला होता.

"सुरेखा भेटती का रं? अजून माझ्यावर रागच हाय का तिचा?"

मला खोटं बोलवेना. "व्हय, आबा."

"मग बरं हाय," म्हणाले आणि भिंतीकडे कूस वळवली.