आठ बादल्या, पाच मिलिमीटर

माझा विषय समजावून सांगायचा म्हटलं की माझं डोकं फिरतं. तरी सांगतो. मोबाइलला रस्ता दाखवणारे उपग्रह असतात ना, त्यांचे सिग्नल समुद्रावर आपटून परत वर उडतात. ते दुसऱ्या उपग्रहाने पकडायचे, सरळ आलेल्या सिग्नलपेक्षा त्यांची वाट किती लांबली ते बघायचं आणि त्यावरून समुद्राच्या पाण्याची उंची काढायची. एवढंच. सोसायटीत मात्र मी 'हवामानवाला' म्हणून प्रसिद्ध आहे, आणि पाऊस चुकला की लोक माझ्याकडे रागाने बघतात.

पीएचडीचं चौथं वर्ष होतं. गाइड सर म्हणाले, "उपग्रहाचं नंतर. आधी जमिनीवरचं पाणी मोजून दाखवा. रविवारपर्यंत जमलं नाही तर विषय बदलू." म्हणजे चार वर्षांवर बोळा.

पाणी हवं सपाट, वर आकाश मोकळं. नेमकं तेव्हाच आमच्या मानपाड्याच्या बिल्डिंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालेलं. गळतंय का बघायला कंत्राटदाराने एका कोपऱ्यात विटांचा बांध घालून पाणी तुंबवून ठेवलेलं. मी बुधवारी अँटेना नेऊन उभी केली; पाण्यावरून उडालेले सिग्नल पकडायचे आणि त्यावरून पाण्याच्या उंचीचा ग्राफ काढायचा. दारावर नोटीस होती: 'गच्चीवरील पाण्यास कोणीही हात लावू नये.' खाली कमिटी मेंबर म्हणून माझ्या आईची सही.

ग्राफ बघून माझा धीरच सुटला. उन्हाने पाणी हळूहळू उतरत होतं, ते ठीक. पण रोज सकाळी सातच्या सुमारास रेघ धपकन एक पायरी खाली यायची. पाणी असं पायऱ्या उतरतं का? म्हणजे प्रोग्रॅमच चुकलाय. मग मी दिवसभर प्रोग्रॅम चिवडत बसायचो आणि जेवायला हाक मारली की आईवर खेकसायचो.

एरवी मी आठशिवाय उठत नाही. रविवारी अँटेना काढायला लवकर वर गेलो, तर आई. मॅक्सीवर ओढणी, हातात बादली. मी "आई!" म्हणून ओरडलोच.

"हळू बोल," ती म्हणाली. "नळाला करंगळीएवढी धार, आणि इथे एवढं पाणी नुसतं ऊन खात पडलंय."

"रोज नेतेस?"

"संडासला नि लादी पुसायला. आठ बादल्या. कुणाला बोललास तर बघ."

मी तिथेच गणित केलं. पंधरा लिटरच्या आठ बादल्या, भागिले त्या कोपऱ्याचं क्षेत्रफळ. पाच मिलिमीटर. माझी पायरीही पाच मिलिमीटरची. मी आईला मिठीच मारली. तिला वाटलं, अभ्यासाने पोराचं काहीतरी बिनसलं.

तासाभरात मी कोपरीला, सरांच्या घरी. सरांनी ग्राफ पाहिला, बादल्यांचं ऐकून घेतलं, चष्मा काढला. "बादल्या कशावरून? पायरी दिसल्यावर तुम्ही बादल्या शोधल्या असतील."

मी आईला स्पीकरवर फोन लावला. "आई, सरांना सांग ना, गच्चीवरून किती पाणी नेलंस ते."

पलीकडून कमिटी मेंबरचा आवाज आला. "मी कशाला नेईन? नोटिशीवर माझी सही आहे."

"अगं, माझी पीएचडी जाईल."

"म्हणून आईला चोर ठरवतोस?"

मी कपाळावर हात मारला. खरं तर रडायलाच आलेलं. सर फोनकडे वाकले. "ताई, हा म्हणतो, रोज आठ बादल्या."

"रोज कुठल्या आठ? गुरुवारी कंबर धरलेली, सहाच नेल्या." आणि फोन कट.

सरांनी गुपचूप पट्टी घेऊन गुरुवारची पायरी मोजली. मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. ती पावणेचार मिलिमीटरची निघाली, सहा बादल्यांच्या हिशेबाला बरोबर.

"विषय चालू ठेवा," सर म्हणाले. पट्टी खाली ठेवली आणि विचारलं, "आईंची कंबर धरलीय, हे माहीत होतं तुम्हाला?"

नव्हतं. सहा बादल्या घेऊन ती जिने उतरली, त्याच दिवशी मी तिच्यावर भाजीत मीठ नाही म्हणून ओरडलेलो. फार लाज वाटली. घरी जाताना स्टेशनबाहेरच्या दुकानातून कंबरेला लावायचं मलम घेतलं.