सभा संपवणारी बाई

आमच्या शेजारची वर्षाराणी इंगवले ज्या पक्षात आहे, त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. ती त्यात गेल्यापासून त्या पक्षाचे दोनदा तुकडे झाले, चिन्ह बदलले, आणि एकदा तर सकाळी जे पक्षाचे कार्यालय होते ते दुपारी विरोधकांचे झाले. भिंतीवरचे फोटो उतरवायची शिडी कोणत्या गटाची, यावर संध्याकाळपर्यंत वाद चालला. या उलथापालथीत एकच गोष्ट टिकून राहिली. सभा कोणत्याही गटाची असो, शेवटचे आभार वर्षाराणीनेच मानायचे.

तिचा नवरा बाळासो याचे चटणी कांडपाचे दुकान आहे. उन्हाळाभर आमची गल्ली शिंकत असते. मते मागायला येणारे पुढारी आमच्या दारात डोळे पुसत उभे राहतात आणि गल्लीत नव्याने राहायला आलेल्या बायकांना वाटते, किती हा कळवळा. बाळासो स्वतः फार बोलत नाही. यंत्राच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, त्यामुळे सवय गेली असावी.

वर्षाराणी राजकारणात गेली ती नणंदेला बोलवायला म्हणून. पक्षाचा महिला मेळावा होता, नणंद तिथे बसली होती, आणि ज्या गृहस्थांनी आभार मानायचे होते ते फुटबॉलचा अंतिम सामना बघायला निघून गेले होते. दारात उभी असलेली बाई मोकळी दिसली म्हणून कोणीतरी तिच्या हातात माइक दिला. तिने आभार मानले. पुढच्या आठवड्यात शिवाजी पेठेत जो फ्लेक्स लागला, त्याच्या अगदी खालच्या ओळीत तिचा फोटो होता आणि त्याखाली ‘शहर सरचिटणीस, महिला आघाडी’. फोटो कुठल्या तरी लग्नातला होता. शेजारच्या बाळासोला कापून काढताना त्याचा एक हात तिच्या खांद्यावर तसाच राहून गेला होता. पुढची कितीतरी वर्षे तो हात प्रत्येक फ्लेक्सवर होता.

महिला आघाडीने नेता आला की ओवाळायचे आणि तो निघाला की आभार मानायचे. मधल्या वेळात पुढच्या खुर्च्या भरायच्या. ‘आता आभार प्रदर्शन’ एवढे शब्द उच्चारले की लोक उठतात. वर्षाराणी व्यासपीठाचे आभार मानी, मंडपवाल्यांचे, पोलिसांचे, पत्रकारांचे, आणि तिच्या पायाखालची सतरंजी गुंडाळली जात असे. एकदा साहेबांचे आभार मानताना तिने मागे वळून नमस्कार केला, तर तिथे फक्त खुर्ची होती आणि तीही कोणीतरी उचलून नेत होते.

तिला नगरसेविका व्हायचे होते. हे तिने मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलत होती आणि तिने आवाज एकदम खाली केला. चोरी कबूल करावी तसा.

“काकी, शेवटाला बोलाय देत्यात, तेबी माणसं उठता उठता. एकदा निवडून यायचंय बघा मला. मग बसूनच ऐकावं लागंल त्यास्नी.”

प्रत्येक निवडणुकीला ती तिकीट मागे आणि प्रत्येक वेळी हंबीरराव, म्हणजे तिचे साहेब, पुढच्या वेळी नक्की म्हणत.

मग बसचे प्रकरण झाले. हंबीरराव एका सभेत दोन तास बोलले आणि त्यांनी काहीही सांगितले नाही. वर्षाराणी आभाराला उभी राहिली तेव्हा कशाबद्दल आभार मानायचे हेच तिला सुचेना. सकाळीच एका बाईने तिच्याजवळ रडगाणे गायले होते, की उचगावला कामावर जाणाऱ्या बायकांची पहाटेची बस बंद झाली आहे. वर्षाराणीच्या तोंडून गेले, “उचगावची बस पुन्हा सुरू केल्याबद्दल मी साहेबांचे मनःपूर्वक आभार मानते.” भाषणभर झोपलेला भूपाल नावाचा वार्ताहर नेमका त्याच वाक्याला जागा झाला होता. दुसऱ्या दिवशी ते छापून आले.

हंबीरराव चिडले असते, पण त्यांना वेळच मिळाला नाही. सकाळी आठलाच उचगावच्या बायका नारळ घेऊन त्यांच्या दारात होत्या. त्यांनी साहेबांना ओवाळले, पेढे भरवले, एकीने तर पाय धरले. इतक्या पेढ्यांनंतर बस नाही असे कोणता माणूस म्हणेल? सोमवारी बस सुरू झाली.

आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी ‘थँक यू’ म्हणायला शिकवले, ते वस्तू हातात पडल्यानंतर. वर्षाराणीने क्रम उलटा केला आणि काहीही बिघडले नाही, उलट वस्तू येऊ लागल्या. तालमीमागच्या बोळात दिवे बसवल्याबद्दल तिने आभार मानले, दिवे बसले. महापालिकेच्या तलावात बायकांना पोहायला वेगळी वेळ दिल्याबद्दल मानले. वेळ मिळाली, मग पोहायला कोण जाणार यावर आमच्या गल्लीत महिनाभर चर्चा झाली. भूपालने साहेबांची भाषणे ऐकणे सोडून दिले. तो थेट आभाराला येई.

थोड्याच दिवसांत सभेचा रंग पालटला. आभार सुरू झाले की लोक उठण्याऐवजी बसू लागले. पान खायला बाहेर गेलेले धावत आत येत. माणसे तिला वाटेत गाठून आपापली गटारे आणि नळ सांगत आणि म्हणत, ताई, तेवढं आभारात घ्या. व्यासपीठावरची मंडळी मात्र आभार जवळ आले की घामाघूम होत. एक पाहुणे आमदार भाषण संपताच मागच्या शिडीने उतरले आणि एक चप्पल तिथेच राहिली. वर्षाराणीने ती मंचावर आणून ठेवली आणि चप्पल सोडून जाण्याइतक्या घाईने रस्त्याच्या कामाला निघाल्याबद्दल त्यांचे आभार मानले. रस्ता झाला. एकदा हंबीररावांनी आभार कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात आधी टाकून बघितले. मग तिने त्यांनी अजून न केलेल्या भाषणाबद्दल आभार मानले, आणि त्यात जे जे सांगितले जाणार होते ते सगळे लोकांना ऐकवले. बिचाऱ्यांना नंतर तेच बोलावे लागले.

या कर्तबगारीमुळे तिला प्रदेश महिला अधिवेशनाला मुंबईला पाठवण्यात आले. मी तिला पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि आता खऱ्या राजकारणाला सुरुवात झाली असे समजले. ती परत आली ती कपाळाला हात लावून. अधिवेशनात भाषणे पाच झाली, पाचही पुरुषांची. मग महिलांना संधी म्हणून आभार सुरू झाले. तेव्हा कळले की प्रत्येक जिल्ह्याने आपली आभार मानणारी बाईच पाठवली आहे. एकीने दुसरीला मागे सरायला सांगितले असते तर अन्याय झाला असता, म्हणून सगळ्यांनी मानले. गडचिरोलीची बाई उभी राहिली तेव्हा मंडपात फक्त आभार मानून झालेल्या बायका आणि मंडपवाले उरले होते. दिल्लीहून आलेल्या नेत्यांनी जाता जाता वर्षाराणीला विचारले, आप पार्टी में क्या करती हैं? ती म्हणाली, धन्यवाद देती हूँ. ते म्हणाले, धन्यवाद, आणि गाडीत बसले.

या वर्षी महापालिकेची निवडणूक लागली आणि आमच्या प्रभागातली एक जागा महिला राखीव निघाली. वर्षाराणी तिकिटासाठी पक्षाच्या समितीपुढे मुलाखतीला गेली. मुलाखत देणाऱ्या प्रत्येक बाईसाठी दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक तिची आणि पुढची तिच्या नवऱ्याची. समितीने बाळासोला विचारले, ताईंना तिकीट दिले तर तुमची तयारी काय? बाळासो म्हणाला, माझी कशाला, तिला इचारा की. समितीने लिहून घेतले: घरचा पाठिंबा नाही.

मग हंबीररावांनी मायेने विचारले, “ताई, तुम्हीच उमेदवार झालात तर आभार कोण मानणार? उमेदवाराला स्वतःच्या सभेत आभार मानता येत नाहीत.”

तिने त्या रात्री भाकरी थापल्या नाहीत, बाळासोने पाव आणला.

उमेदवाराच्या नावाची घोषणा एका मंगल कार्यालयात व्हायची होती. मी दुपारी तीनला जाऊन दुसऱ्या रांगेत बसले. माझ्या शेजारी एक तरतरीत तरुण मुलगी बसली होती. नाव स्वप्नाली, माहेर मलकापूरचे, नवरा विजयसिंह म्हणून बांधकामातला. मी सहज विचारले, तू पक्षात आहेस का? ती म्हणाली, “माहीत न्हाय काकी. काल कोपऱ्यावर माझा फ्लेक्स लागलाय, म्हणून बघाय आलोय काय ते.”

हंबीररावांनी तिचेच नाव जाहीर केले. टाळ्या झाल्या आणि विजयसिंह उठला. फेटा त्याने बांधून घेतला, हार त्याने घातला, उमेदवारी स्वीकारून दोन शब्द तोच बोलला. स्वप्नाली माझ्या शेजारीच बसून होती. मला हळूच म्हणाली, “मला सोमवारपासून बँकेत नोकरी लागलीय. ह्यास्नी सांगितलंय मी. ऐकायलाच तयार न्हाईत.”

मग आभार पुकारले गेले. सगळे सभागृह पुढे सरकून बसले. वर्षाराणी मला जिन्यावर भेटली होती, तेव्हाच तिने विचारले होते, की मला तिकीट दिल्याबद्दल आभार मानू का. मी म्हटले होते, मान. पण माइकसमोर ते तिच्याने झाले नाही. नंतर तिने मला सांगितले, की दुसऱ्यासाठी मागताना जीभ चालत होती, स्वतःसाठी चालेना.

“आज आभार मानण्यासारखं काही घडलेलं नाही,” एवढे ती म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

कोणी उठले नाही. राष्ट्रगीत म्हणणाऱ्या मुली कोपऱ्यात तयार होत्या, पण त्यांना आभारानंतर म्हणायचे सांगितले होते, त्या आभाराची वाट बघत राहिल्या. हंबीररावांनी विजयसिंहाला खुणावले. विजयसिंहाने स्वतःचे आभार मानले आणि सुचेना म्हणून पुन्हा एकदा मानले. लोक बसूनच. यात ना दिवा होता, ना नळ. मागून कोणीतरी म्हणाले, हे आभार धरायचं न्हाय.

त्या कार्यालयात पाच वाजता एक साखरपुडा होता. पाच वाजले. आधी आचारी आले, मग हालगीवाले, मग नवरीकडची माणसे. ती मागच्या मोकळ्या खुर्च्यांवर बसली. काही वेळाने नवरदेवाकडचीही आली. फेटा आणि हार घातलेला विजयसिंह दिसताच नवरीच्या मामांनी त्याला नवरदेवाकडचा मानकरी समजून कपाळाला कुंकू लावले आणि हातात नारळ दिला. त्याने तो घेतला. हातात येणाऱ्या नारळाला नाही म्हणायची पुढाऱ्यांना सवय नसते. आमच्या रांगेत पेढे फिरले. एक कार्यकर्ता नवरीला पक्षाची माहितीपत्रके देत होता. शेवटी नवरीची आई तडक व्यासपीठापाशी आली.

“पावणं, उरका की. पोरीचा मुहूर्त टळाय लागलाय.”

हंबीररावांनी घाम पुसला आणि वर्षाराणीकडे बघितले. वर्षाराणीने मांडीवरचा पदर नीट केला. तेव्हा माझ्या शेजारची स्वप्नाली उठली. ती सरळ माइकपाशी गेली, तिथे कोणी तिला अडवले नाही, कारण विजयसिंह सोडला तर तिला ओळखणारे तिथे कोणी नव्हते, आणि तो नारळ सांभाळत होता.

“मी स्वप्नाली, आत्ता जाहीर झालेली उमेदवार,” ती म्हणाली. “माझ्या जागी वर्षाराणीताईंना उमेदवारी दिल्याबद्दल मी साहेबांचे मनःपूर्वक आभार मानते. साहेबांनी पेठेतल्या सगळ्या बायकांची कदर केली. मंडपवाल्यांचेही आभार.”

टाळ्या कोणी सुरू केल्या मला सांगता येणार नाही, पण सगळ्यात जोराने वाजवल्या नवरीकडच्यांनी. भूपाल लिहीत होता. राष्ट्रगीताच्या मुलींनी ताबडतोब सुरुवात केली, त्यामुळे हंबीररावांना हात खाली करून ताठ उभे राहावे लागले. ते संपताच हालगी वाजू लागली आणि नवरीच्या आईने त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. विजयसिंह नारळ धरून उभाच होता. त्याची समजूत पुढे स्वप्नालीने घरी काढली. कशी ते मला माहीत नाही, ती सोमवारी बँकेत हजर झाली एवढे खरे. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, गल्लीतल्या बायका नारळ घेऊन साहेबांच्या दारात गेल्या. वर्षाराणीच्या अर्जाला जोडायच्या पक्षाच्या कागदावर साहेबांनी सही केली.

परवा तालमीच्या पटांगणात वर्षाराणीची पहिली सभा झाली. मतदान पुढच्या आठवड्यात आहे, निकालाचे मला काही सांगता येत नाही. पण ती बोलली. इतक्या वर्षांचे साठलेले बोलली, बस, पाणी, कांडपाच्या दुकानात कळणारे घरोघरचे हाल, अधिवेशनातल्या त्या सगळ्या बायका. लोकांनी बसून ऐकले. ती थांबली आणि खुर्चीवर बसली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आले, की आभार मानायला कोणी नाही.

लोक बसून राहिले. वर्षाराणीने इकडेतिकडे बघितले. शेवटी बाळासो उठला. दुकानातून तसाच आलेला, भुवयांवर चटणी, हातात माइक उलटा.

“झालं,” तो म्हणाला. “आभारी हाय. उठा आता.”

कोणी उठले नाही. मागून आवाज आला, बाळासो, गटारीचं राहिलं की. बाळासोने मान हलवली, माइक सुलटा केला आणि म्हणाला, “व्हय. तर, आपल्या बोळातली गटार नवी करून दिल्याबद्दल मी आमच्या मंडळींचे...”

वर्षाराणीने त्याची बाही धरून मागे ओढली.

“अवं, थांबा. आता ते मलाच करावं लागंल.”